चुकलेला चेंडू आपणच उचलायचा

५ मार्च २०२३, वॉशिंग्टन. मिलवॉकी बक्सने सामना जिंकल्यात जमा आहे. घड्याळात शेवटचे काही क्षण उरलेत. यानिस आंटेटोकुम्पोच्या नावावर २३ गुण, १३ असिस्ट आणि ९ रिबाउंड आहेत. अजून एक रिबाउंड मिळाला की ट्रिपल-डबल, म्हणजे तीन रकान्यांत दोन आकडी संख्या. यानिस रिंगखाली जातो, चेंडू हलकेच वर टाकतो आणि खाली आलेला चेंडू स्वतःच पकडतो. भोंगा वाजतो. दहावा रिबाउंड!

दुसऱ्या दिवशी एनबीएने तो रिबाउंड काढून घेतला. त्यामागचा तर्क मला फार आवडला. वर टाकलेला तो चेंडू बास्केट करण्याचा खरा प्रयत्न नव्हता. प्रयत्न नाही, म्हणजे नेम चुकण्याचा प्रश्न नाही. आणि नेम चुकलाच नाही, तर रिबाउंड कसला? थोडक्यात, बास्केटबॉलमध्ये चुकायचं तर प्रामाणिकपणे चुकावं लागतं.

ही बातमी वाचताना मला मोझेस मलोनची आठवण झाली. स्वतःचा चुकलेला शॉट स्वतःच पकडून पुन्हा मारणारे उंच खेळाडू बास्केटबॉलमध्ये पुष्कळ झाले. पण या एका कामावर ज्याने अख्खी कारकीर्द उभी केली आणि त्यासाठीच ज्याच्याकडे थोडं संशयाने, थोडं हसून पाहिलं गेलं, तो मोझेस. त्याची गोष्ट सांगायची, तर आधी रिबाउंड ही चीज आली कुठून ते पाहायला हवं.

बोर्ड आला आणि चेंडू परत येऊ लागला

डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावात जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ तयार केला. हिवाळ्यात पोरांना बंद हॉलमध्ये दमवायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने गॅलरीच्या कठड्याला, जमिनीपासून १० फुटांवर, पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे चेंडू आत गेला की कुणीतरी वर चढून तो काढून द्यायचा. मागे बोर्ड नव्हता. नेम चुकला की चेंडू गॅलरीतल्या लोकांत जायचा.

गॅलरीतले लोक काही गप्प बसणारे नव्हते. ते हात घालून आपल्या टीमला मदत करायचे, दुसऱ्या टीमचा चेंडू ढकलून द्यायचे. म्हणून टोपलीमागे आधी जाळी आणि पुढे लाकडी फळी आली. हेतू एवढाच, की प्रेक्षकांनी लुडबुड करू नये. पण त्या फळीने खेळच बदलला. चुकलेला चेंडू आता मैदानात परत येऊ लागला. आणि परत आलेला चेंडू कुणाचा? जो आधी पकडेल त्याचा.

इथून उंच माणसाचा भाव वाढला. रिंगच्या जवळ उभं राहायचं, चेंडू टाकायचा, चुकला तर तिथल्या तिथे पुन्हा उचलायचा. १९४०च्या दशकाअखेरीस ६ फूट १० इंचांच्या जॉर्ज मिकनने हे इतकं सोपं करून दाखवलं की नियम करणाऱ्यांना पट्टी घेऊन मैदान मोजायला बसावं लागलं. रिंगखालच्या ज्या पट्ट्यात आक्रमण करणाऱ्या खेळाडूला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, त्याची रुंदी ६ फूट होती. १९५१मध्ये ती १२ फूट केली. मग विल्ट चेंबरलेन आला आणि १९६४मध्ये ती १६ फूट झाली. उंच माणसाला रिंगपासून लांब ढकलायचं, हा या सगळ्याचा अर्थ.

मिकनच्या नावाचं ड्रिल आजही जगभर करून घेतात. आमच्या कॉलेजच्या कोर्टवरही ते रोज असायचं. रिंगखाली उभं राहायचं, उजवीकडून एक लेअप, जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला लागू न देता पकडायचा, लगेच डावीकडून दुसरा लेअप. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हात खाली आणायचे नाहीत. वीस-पंचवीस झाले की खांदे भरून येतात. कंटाळा आणणारं काम आहे, पण त्यातून शरीर एक गोष्ट शिकतं: शॉट मारला म्हणजे काम संपलं असं नाही. चेंडू आत जातोय की बाहेर येतोय हे बघत उभं राहायचं नसतं.

एकाच रकान्यात सगळे

आता एक हिशेबाची गोष्ट. रिबाउंड दोन प्रकारचे. समोरच्या टीमचा चुकलेला शॉट पकडला तर तो डिफेन्सिव्ह. आपल्याच टीमचा, म्हणजे सहकाऱ्याचा किंवा स्वतःचा, चुकलेला शॉट पकडला तर ऑफेन्सिव्ह. पहिला तुलनेने सोपा, कारण बचाव करणारा खेळाडू मुळातच रिंग आणि प्रतिस्पर्धी यांच्या मध्ये उभा असतो. दुसऱ्यासाठी त्याला ओलांडून आत घुसावं लागतं.

एवढा फरक असूनही एनबीए कित्येक वर्षं दोन्ही एकाच रकान्यात लिहीत होती. २४ नोव्हेंबर १९६० रोजी विल्ट चेंबरलेनने बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात ५५ रिबाउंड घेतले. हा विक्रम आजही कायम आहे. त्याच्या कारकिर्दीतले एकूण रिबाउंड २३,९२४. त्यांतले किती आपल्या टीमच्या चुकलेल्या शॉटचे होते, याची अधिकृत नोंदच नाही. वेगळा रकाना १९७३-७४च्या मोसमापासून आला. विल्टचा शेवटचा मोसम १९७२-७३. अगदी एका वर्षाची चुकामूक!

आणि वेगळा रकाना आला तरी त्यात आणखी एक कप्पा हवा होता, तो आला नाही. सहकाऱ्याचा चुकलेला शॉट उचलला की स्वतःचा, हे आजच्या बॉक्स स्कोअरमध्येही वेगळं लिहीत नाहीत. ते कळायला सामन्याची ओळ-न्-ओळ नोंद तपासावी लागते.

रकाना नसला की काम दिसत नाही, हे आपल्याकडे घरात सगळ्यात आधी उठणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पीटर्सबर्गचा पोरगा

मोझेस मलोन २३ मार्च १९५५ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या पीटर्सबर्गमध्ये जन्मला. वडील तो लहान असतानाच घर सोडून गेले. आई मेरीने एकटीने, मिळेल ते काम करत त्याला वाढवलं. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत त्याच्या टीमने सलग ५० सामने जिंकले. मेरीलँड विद्यापीठाने त्याला जवळजवळ पक्कं केलं होतं. पण १९७४मध्ये एबीए या प्रतिस्पर्धी लीगमधल्या युटा स्टार्सने पैसे पुढे केले आणि मोझेस कॉलेजची पायरी न चढता, १९व्या वर्षी, थेट व्यावसायिक खेळाडू झाला. तेव्हा असं कुणी करत नव्हतं. कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स ज्या वाटेने आले, ती वाट आधी त्याने पाडली.

वाट सरळ नव्हती. युटा स्टार्स १९७५च्या डिसेंबरात बुडाली. तो सेंट लुईसला गेला. १९७६मध्ये एबीएच गुंडाळली गेली. पोर्टलंडने त्याला घेतलं आणि मोसम सुरू होण्याआधीच बफेलोला देऊन टाकलं. बफेलोने दोन सामने खेळवून ह्यूस्टनला पाठवलं. २१ वर्षांच्या पोराला तीन टीमांनी काही दिवसांत हातोहात फिरवलं होतं.

ह्यूस्टन रॉकेट्समधल्या त्या पहिल्याच मोसमात त्याने ४३७ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले. तेव्हाचा तो विक्रम. दोन वर्षांनी, १९७८-७९मध्ये, ५८७. हा विक्रम आजवर कुणी मोडलेला नाही. ८२ सामने, म्हणजे सामन्यामागे सातहून जास्त. आज एखाद्याने मोसमभर सामन्यामागे पाच घेतले तरी त्याच्यावर लेख लिहून येतात.

"हा मुद्दाम चुकवतो"

मोझेसबद्दल बास्केटबॉलच्या गप्पांत एक शंका हमखास निघते. हा रिंगखाली चेंडू असाच बोर्डवर फेकतो, स्वतःच पकडतो, पुन्हा फेकतो. रिबाउंडचा आकडा फुगवायचा धंदा आहे. पडलो तरी नाक वर, तसं.

शंका घेणं ठीक, पण हिशेब करून बघू. ५८७च्या त्या मोसमात त्याने १,३२५ शॉट मारले, ७१६ आत गेले. म्हणजे ५४ टक्के. चुकलेले शॉट ६०९. सगळे ५८७ रिबाउंड स्वतःच्याच शॉटचे असायचे, तर त्याला आपला जवळजवळ प्रत्येक चुकलेला शॉट, मग तो कुठूनही मारलेला असो, परत पकडावा लागला असता. ते कुणालाच शक्य नाही. याचा अर्थ, त्या ५८७मध्ये सहकाऱ्यांचे शॉट भरपूर होते. आणि जो मुद्दाम चुकवतो, त्याची टक्केवारी ५४ राहत नाही.

आता दुसरा हिशेब. समजा एका खेळाडूने शॉट मारला, चुकला, स्वतः पकडला. पुन्हा मारला, पुन्हा चुकला, पुन्हा पकडला. तिसऱ्यांदा मारला, आत. त्याच्या नावावर तीनपैकी एक, म्हणजे ३३ टक्के. आकडा वाईट दिसतो. पण टीमच्या बाजूने बघा: चेंडू एकदा ताब्यात आला आणि दोन गुण मिळाले. यापेक्षा जास्त काय हवं? मधल्या दोन चुकांची किंमत टीमने मोजलीच नाही, त्याने एकट्याने आपल्या टक्केवारीतून मोजली.

ही गोष्ट संख्याशास्त्राच्या भाषेत मांडायला बराच काळ जावा लागला. डीन ऑलिव्हरचं 'बास्केटबॉल ऑन पेपर' हे पुस्तक २००४चं. सामना शॉटमध्ये मोजू नका, चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला यात मोजा, हा त्याचा मुख्य आग्रह. जिंकण्याची चार कारणं त्याने काढली, त्यांतलं एक ऑफेन्सिव्ह रिबाउंड. मोझेस तोवर निवृत्त होऊन जवळपास दशक उलटलं होतं.

सगळ्यात आधी कुणाला कळतं?

मोझेस उडी मारण्यात अचाट नव्हता. ६ फूट १० इंच ही उंचीही सेंटरसाठी फार नाही. करीम अब्दुल-जब्बार ७ फूट २ इंच होता. मग तो चेंडूपर्यंत पोचायचा कसा?

एक, तो बेसलाइनवरून, म्हणजे बोर्डच्या मागच्या बाजूने आत यायचा. बचाव करणारे चेंडूकडे बघत असायचे, हा त्यांच्या पाठीमागून खांदा आणि कंबर घालून जागा काढायचा. दोन, दुसरी उडी. बहुतेक उंच खेळाडू एकदा उडी मारून खाली आले की पाय रोवून, गुडघे वाकवून मग पुन्हा उठतात. मोझेस जमिनीला टेकतो न टेकतो तोच परत वर. आणि तीन, प्रत्येक शॉट चुकणारच आहे असं धरून तो निघायचा, त्यामुळे बाकीचे अंदाज घेत असताना तो वाटेत असायचा.

स्वतःच्या शॉटच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट. शॉट चुकणार हे दहा खेळाडूंमध्ये सगळ्यात आधी कुणाला कळतं? मारणाऱ्याला. चेंडू बोटांवरून सुटतानाच कळतं, की डावीकडे गेला, आखूड पडला, जोर जास्त झाला. बाकी नऊ जण चेंडू रिंगला लागायची वाट बघत असतात. तेवढा अर्धा सेकंद मारणाऱ्याच्या हातात असतो. पण बहुतेकांचा तो अर्धा सेकंद हळहळण्यात जातो. "अरे, सुटला!" म्हणत मान खाली घालेपर्यंत चेंडू दुसऱ्याकडे गेलेला असतो. मोझेस हळहळायचा नाही. मला वाटतं, त्याचं खरं कौशल्य इथे होतं.

पण त्याच्याबद्दल लिहिताना 'मेहनती', 'राबणारा', 'घाम गाळणारा' हेच शब्द वर्षानुवर्षं वापरले गेले. तो कमी बोलायचा, पुटपुटल्यासारखं बोलायचा, कॉलेजला गेला नव्हता. त्याच्या खेळात विचार असेल असं फारसं कुणाच्या मनात येत नसे. याला अमेरिकेत एक वेगळी किनार आहे. १९८७मध्ये आयझेया थॉमसने लॅरी बर्डबद्दल केलेल्या एका शेऱ्यावरून मोठा गदारोळ झाला. तेव्हा खुलासा करताना त्याने मांडलेला मुद्दा असा: गोरा खेळाडू चांगला खेळला की त्याच्या बुद्धीचं आणि मेहनतीचं कौतुक होतं, काळा खेळाडू चांगला खेळला की ते उपजत असल्याचं सांगतात. मोझेसला मेहनतीचं श्रेय तरी मिळालं. बुद्धीचं क्वचितच.

फो, फो, फो

१९८१मध्ये ह्यूस्टनने ४० सामने जिंकले होते आणि ४२ हरले होते. अशा टीमला घेऊन मोझेस फायनलपर्यंत गेला. वाटेत आदल्या वर्षीचा विजेता लेकर्स संघ पहिल्याच फेरीत घरी पाठवला. फायनलमध्ये बॉस्टनने ४-२ने हरवलं, पण बॉस्टनला कुणी सहज जिंकू दिलं नव्हतं. पुढच्या मोसमात, ११ फेब्रुवारी १९८२ला, सिॲटलविरुद्ध त्याने एका सामन्यात २१ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले. हाही विक्रम अजून उभा आहे.

१९८२मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला. ज्युलियस अर्व्हिंगसारखा देखणा खेळाडू असलेली ती टीम १९७७, १९८० आणि १९८२, तीनदा फायनल हरली होती. सगळं होतं, चुकलेला चेंडू उचलणारा नव्हता. मोझेस आला आणि टीमने ८२पैकी ६५ सामने जिंकले. प्लेऑफ कशी जाईल असं विचारल्यावर त्याने तीन शब्दांत उत्तर दिलं: "फो, फो, फो." म्हणजे चार, चार, चार, तिन्ही फेऱ्या एकही सामना न हरता. मधल्या फेरीत मिलवॉकीने एक सामना घेतला, म्हणून शेवटी झालं चार, पाच, चार. विजेत्यांच्या अंगठीवरही तसंच कोरलं गेलं.

फायनलमध्ये समोर लेकर्स आणि करीम. चार सामन्यांत मोझेसचे रिबाउंड ७२, करीमचे ३०. त्याच्या बोलण्याला हसणाऱ्यांना या आकड्यांवर हसता आलं नाही.

त्याने हे ज्ञान स्वतःपाशी ठेवलं नाही. ह्यूस्टनच्या फाँडी रिक्रिएशन सेंटरमध्ये उन्हाळ्यात तो नायजेरियाहून आलेल्या एका कॉलेजच्या पोराला घाम काढेपर्यंत खेळवायचा. तो हकीम ओलाजुवान. फिलाडेल्फियात १९८४मध्ये आलेल्या एका नवख्याला त्याने तोंडावर सांगितलं, की तू जाडा आहेस आणि आळशी आहेस. तो चार्ल्स बार्कली. सेंटरपेक्षा कितीतरी बुटका असूनही बार्कली १९८६-८७मध्ये लीगमध्ये रिबाउंडमध्ये पहिला आला. मोझेसला तो 'डॅड' म्हणायचा.

प्रयत्न खरा होता का?

यानिसच्या आधी वीस वर्षं, १६ मार्च २००३ला, क्लीव्हलंडच्या रिकी डेव्हिसने याहून मोठा पराक्रम केला होता. त्यालाही ट्रिपल-डबलला एक रिबाउंड कमी पडत होता. त्याने सरळ स्वतःच्याच टीमच्या रिंगवर चेंडू मारला आणि पकडला. रिबाउंड धरला गेला नाही, वर त्याच्याच टीमने त्याला दंड केला.

डेव्हिस, यानिस आणि मोझेस तिघांनीही वरवर पाहता एकच केलं: चेंडू वर टाकला, परत आला, पकडला. फरक आत काय होतं याचा आहे. पहिल्या दोघांना चेंडू आत जायला नको होता. मोझेसला दरवेळी तो आतच जायला हवा होता. गेला नाही तर काय, याची फक्त तयारी होती. नियमाने मनातला हेतू ओळखायचा प्रयत्न करावा, हे खेळात क्वचित घडतं. इथे घडलं, आणि मला तो न्याय बरोबर वाटतो.

मधल्या काळात हे कामच मागे पडलं. मोझेसच्या काळात टीम आपल्या चुकलेल्या शॉटपैकी साधारण एक तृतीयांश परत मिळवायची. तीन गुणांचे शॉट वाढले, चुकलेला चेंडू लांब उडू लागला, प्रशिक्षक म्हणू लागले की रिंगखाली गर्दी करण्यापेक्षा बचावाला मागे पळा. २०१०च्या दशकाअखेरीस हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्याही खाली गेलं. आता हिशेब पुन्हा फिरतो आहे. २०२४-२५च्या मोसमात ऑफेन्सिव्ह रिबाउंडमध्ये सगळ्यांच्या पुढे कोण होतं? ह्यूस्टन रॉकेट्स.

मोझेस १३ सप्टेंबर २०१५ रोजी, वयाच्या ६०व्या वर्षी गेला. एनबीएमधले त्याचे ऑफेन्सिव्ह रिबाउंड ६,७३१. दुसऱ्या क्रमांकावरच्या रॉबर्ट पॅरिशने त्याच्यापेक्षा पावणेतीनशेहून अधिक सामने जास्त खेळले, तरी त्याचा आकडा ४,५९८. मध्ये दोन हजारांहून जास्त चेंडूंचं अंतर.

आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये एक नियम सगळीकडे सारखा असतो: ज्याने मारला त्याने आणायचा. कुणाच्या कंपाउंडमध्ये गेला, गटारात गेला, कुत्र्यापाशी गेला, तरी जाणार तोच. बाकीचे तोवर गप्पा मारत उभे. आणायला जाणाऱ्याकडे कुणी कौतुकाने बघत नाही, पण तो गेला नाही तर खेळ तिथेच थांबतो. मोझेस मलोन २१ वर्षं हे करत राहिला, आणि आपला झाल्यावर दुसऱ्यांचाही आणून देत राहिला.